पृथ्वीला विरजण कुणी लावलं?

२०२५ ची संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. आमच्या बचत गटाची दरवर्षी एक सहल निघते. फार लांबची नाही हं! सकाळी डबे भरून निघायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. त्या वर्षी ठरलं तुरळचं गरम पाण्याचं कुंड. संगमेश्वर मागे टाकलं की महामार्गालगतच आहे. आमच्यातल्या दोघी-तिघींना सांधेदुखीचा त्रास, त्यामुळे त्यांची हौस जरा जास्तच!

कुंडाजवळ पाय ठेवला आणि तो ओळखीचा गंधकाचा वास आला. पाणी इतकं कढत, की हात घातला तर लगेच बाहेर काढावा लागतो. गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी पायरीवर बसत म्हणाल्या, "अगो बाय, ह्या पाण्यात किडामुंगी जगायची नाय. म्हणून तर अंगावरची खरूज जाते."

गटातल्या एका ताईंची मुलगी आमच्याबरोबर आली होती. बारावी सायन्सला. परीक्षा तोंडावर, तरी आईने "एक दिवस डोक्याला हवा लागू दे" म्हणून आणलेली. ती उकिडवी बसून, जिथून पाणी वाहून बाहेर पडत होतं तिकडे बघत होती. तिथे दगडावर हिरवट-तपकिरी, बुळबुळीत थर होता.

"काकू, किडामुंगी जगत नाही, मग हे काय आहे?"

"शेवाळ असेल गं."

"पण एवढ्या गरम पाण्यात? आणि काकू, अगदी पहिला जीव कुठून आला असेल हो? असाच पाण्यात तयार झाला, की दुसरीकडून आला?"

आता खरं सांगते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीत संपला. उत्तर येत नव्हतं आणि बायका भुकेजल्या होत्या. मी पटकन म्हटलं, "देवाची करणी आणि नारळात पाणी! चल, डबे उघडू या."

सगळ्या हसल्या. ती पण हसली. पण येताना गाडीत खिडकीशी बसून ती एक शब्द बोलली नाही.

मला ते फार लागलं. महिला मंडळात, शाळांच्या पालकसभेत मी तावातावाने सांगते, 'मुलींना प्रश्न विचारू द्या, त्यांना गप्प करू नका!' आणि मी काय केलं? गप्पच केलं की! तेही हसून, म्हणी सांगून. रागावून गप्प केलेलं निदान कळतं तरी. हसून गप्प केलेलं लक्षातही येत नाही.

संसाराच्या धबडग्यात तो प्रश्न मागे पडला. मग २० मे २०२५ ला बातमी आली, डॉ. जयंत नारळीकर गेले. आमच्या पिढीतल्या कलाशाखेच्या मुलींना विज्ञान जे काही थोडंफार आवडलं, ते नारळीकरांच्या मराठी कथांमुळे. त्या रात्री जुनी आठवण जागी झाली. नारळीकरांनी मोठा फुगा सोडून आकाशातले जंतू शोधले होते ना? तिचा प्रश्न तर तोच होता! दुसऱ्याच दिवशी वाचनालय गाठलं. त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे वाचलं, समजून घेतलं, ते मैत्रिणींनो, आज तुम्हाला सांगते.

आकाशात सोडलेल्या बरण्या

नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा. वाढले बनारसला, कारण वडील तिथल्या हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. पुढे केंब्रिजला त्यांनी फ्रेड हॉईल या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन केलं. या हॉईल यांचं एक धाडसी मत होतं. आपल्या पृथ्वीवरचं जीवन पृथ्वीवर सुरू झालंच नाही! अवकाशातून धूमकेतूंबरोबर सूक्ष्म जीव आले आणि इथे रुजले, असं ते आणि त्यांचे सहकारी चंद्रा विक्रमसिंघे म्हणत. पुष्कळ शास्त्रज्ञांना हे पटत नसे, आजही पटत नाही.

नारळीकर मात्र म्हणाले, वाद कशाला? तपासून बघू या.

तपासायचं कसं? कल्पना तशी सोपी. अवकाशातून जीव खाली पडत असतील, तर ते वातावरणाच्या अगदी वरच्या थरात सापडायला हवेत. तिथली हवा भरून आणायची आणि बघायचं. आपली विमानं साधारण १०-१२ किलोमीटर उंचीवरून जातात. एव्हरेस्ट ९ किलोमीटरला थोडं कमी. इथे हवा आणायची होती थेट ४१ किलोमीटरवरून!

'इस्रो'च्या मदतीने २००१ मध्ये असा एक प्रयोग झाला होता. मग २० एप्रिल २००५ ला अधिक तयारीनिशी पुन्हा झाला. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुगे सोडण्याचं केंद्र आहे, तिथून. फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे बरं! २ कोटी ६७ लाख घनफूट मावेल एवढा. त्याला ४५९ किलोंचं सामान बांधलेलं. त्यात १६ स्टीलच्या नळ्या. आतली हवा पूर्ण काढून घेतलेल्या आणि निर्जंतुक केलेल्या. या नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या होत्या. हा निऑन इतका थंड, की शून्याखाली जवळजवळ २४६ अंश. त्या थंडीमुळे वरची विरळ हवा नळीत शिरली, की गोठून आतच राहायची आणि आणखी हवा ओढली जायची. २० ते ४१ किलोमीटरमधल्या वेगवेगळ्या उंचीवर या नळ्या भरल्या गेल्या आणि मग पॅराशूटने सुखरूप खाली उतरवल्या.

आपल्यापैकी जिने कधी वर्षाचं लोणचं घातलंय, तिला यातली खरी मेख लगेच कळेल. बरणी उन्हात तापवायची, कोरडी ठणठणीत करायची, हात पुसून घ्यायचे, ओला चमचा चुकूनही नाही. एवढं करूनही बुरशी आली तर पहिला प्रश्न काय? 'कैरी ओली होती, की बरणी?' शास्त्रज्ञांचंही तेच. उद्या नळीत जंतू सापडले आणि कुणी विचारलं, 'वरून आले, की तुमच्या हाताचे लागले?' तर काय सांगणार? म्हणून निर्जंतुकीकरणाची कडेकोट काळजी घेतली. शिवाय नमुने दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासले. एक हैदराबादची पेशी आणि रेणू जीवशास्त्र संस्था, म्हणजे 'सीसीएमबी', आणि दुसरी पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे 'एनसीसीएस'. हैदराबादला डॉ. शिवाजी आणि पुण्यात डॉ. योगेश शौचे यांनी हे काम पाहिलं.

आणि जंतू सापडले! जिवाणूंच्या १२ वसाहती आणि बुरशीच्या ६. जिवाणूंपैकी ९ पृथ्वीवरच्या ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळले. पण तीन जाती तोवर कुणी नोंदवलेल्याच नव्हत्या! २००९ मध्ये त्यांची नावं जाहीर झाली. एकाला हॉईल यांच्या नावावरून 'जॅनीबॅक्टर हॉईलाय', दुसऱ्याला इस्रोवरून 'बॅसिलस इस्रोनेन्सिस' आणि तिसऱ्याला आपल्या आर्यभटाच्या नावावरून 'बॅसिलस आर्यभट्टाय'. सूर्याच्या अतिनील किरणांना तोंड देण्याची या तिघांची ताकद त्यांच्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा जास्त होती. वर ओझोनचं छत्रच उरत नाही, तेव्हा हा गुण महत्त्वाचाच.

'सिद्ध झालं' असं ते म्हणाले नाहीत

आता तुम्ही म्हणाल, झालं तर मग! जीव आकाशातून आले, हे कळलं!

इथेच तर मी थबकले. एवढी मेहनत, एवढा खर्च, तीन नव्या जाती हातात. आपण असतो तर ढोल वाजवले असते. पण इस्रोच्या निवेदनात काय म्हटलं होतं माहितेय? हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, मात्र जीवनाच्या उगमाचा शोध पुढे चालू ठेवायला यातून प्रोत्साहन मिळतं. एवढंच!

आणि ते किती शहाणपणाचं होतं ते पुढे कळलं. नाव मिळाल्यानंतरच्या वर्षांत तो 'आर्यभट्टाय' जिवाणू संशोधकांना चक्क जमिनीत सापडत गेला, अगदी सोयाबीनच्या मुळांशीसुद्धा. म्हणजे वादळवाऱ्याने किंवा ज्वालामुखीच्या धुरळ्याबरोबर इथूनच तो वर गेला असेल, अशी शक्यता बळावली. नवी जात म्हणजे परग्रहावरची, असं नसतं. आपल्या पायाखालच्या मातीतल्याच कितीतरी जिवांची अजून कुणी नोंद केलेली नाही.

मग प्रयोग फुकट गेला का? मला नाही तसं वाटत. ४१ किलोमीटरपर्यंतच्या त्या थंड, कोरड्या, विरळ हवेत आणि त्या जीवघेण्या किरणांत काही जीव तग धरू शकतात, या शक्यतेचा एवढा काळजीपूर्वक घेतलेला पुरावा हाती आला. जीवन किती चिवट असतं याचा अंदाज आला. घराघरातल्या बायकांना ते वेगळं सांगायला नको!

दही आणि विरजण

रात्री दुधाला विरजण लावताना मला हा सगळा वाद एकदम सोपा वाटला. दही कसं होतं? आदल्या दिवशीचं चमचाभर दही दुधात घालून. आपल्याकडचं संपलं, तर वाटी घेऊन शेजारी जायचं. हॉईल यांचं म्हणणं तसंच. पृथ्वीच्या कोमट दुधाला शेजारच्या घरून, म्हणजे अवकाशातून, विरजण आलं.

पण कुठलीही सून विचारेल, मग शेजारणीकडचं पहिलं दही कुठून आलं? हाच या विचारावरचा सगळ्यात मोठा आक्षेप. प्रश्न सुटत नाही, फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जातो. कुठेतरी, कधीतरी, निर्जीवातून पहिला जीव झालाच असणार. तो कसा?

यावरही माणसांनी जन्म घालवलेत. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं. जिवांच्या सगळ्यात जुन्या, बऱ्यापैकी भरवशाच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मिळतात. मधल्या काळात काहीतरी घडलं. १९२० च्या दशकात रशियाचे ओपारिन आणि इंग्लंडचे हाल्डेन यांनी वेगवेगळं मांडलं, की तेव्हाच्या समुद्रात रसायनांचं एक प्रकारचं पातळ सार तयार झालं असावं आणि त्यातून जीवनाची सुरुवात झाली असावी. हे हाल्डेन पुढे भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

१९५३ मध्ये अमेरिकेत शिकागोला स्टॅन्ली मिलर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने हे करून बघितलं. काचेच्या बंद भांड्यात पाणी उकळलं, त्यात मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन हे वायू भरले आणि विजेच्या ठिणग्या पाडल्या. म्हणजे समुद्र, हवा आणि वीज. काही दिवसांत पाण्याचा रंग बदलला आणि त्यात अमिनो आम्लं सापडली. आपण डाळीत, अंड्यात प्रथिनं म्हणतो ना, ती ज्या तुकड्यांची बनतात ते हे तुकडे.

अलीकडची बातमी तर याहून गंमतीची. 'बेन्नू' नावाच्या एका लघुग्रहावरून अमेरिकेच्या यानाने माती आणली. २०२३ मध्ये ती पृथ्वीवर पोचली. २०२५ च्या जानेवारीत शास्त्रज्ञांनी सांगितलं, की जिवांमध्ये जी २० अमिनो आम्लं वापरली जातात, त्यातली १४ या मातीत आहेत. शिवाय डीएनए आणि आरएनए यांतली पाचही मूळ अक्षरं आहेत. म्हणजे विरजण नाही, तरी सामान आकाशातून आलेलं असू शकतं.

पण हे 'सामान' आणि 'जीव' यात फार अंतर आहे. आपल्या अंगणात जांभ्याचे चिरे येऊन पडले म्हणजे घर झालं का? गवंडी हवा, माप हवं, चुना-सिमेंट हवं. चिऱ्यांचं घर कसं झालं, हे अजून कुणाला पुरतं उलगडलेलं नाही.

तुरळचं कुंड आणि मंगळ

आता वळू या आपल्या कुंडाकडे. डार्विनचं नाव आपण माकडावरून ऐकलेलं असतं. त्याने १८७१ मध्ये एका मित्राला पत्र लिहिताना सहज एक कल्पना मांडली होती, की एखाद्या लहानशा कोमट डबक्यात, योग्य क्षार, उजेड, उष्णता आणि वीज मिळून जीवनाची सुरुवात झाली असेल तर? आज काही शास्त्रज्ञांना वाटतं, की जमिनीवरचे गरम पाण्याचे झरे ही तशी जागा असू शकते. कारण काठावरचं पाणी सुकतं, पुन्हा ओलं होतं, आणि या ओल्या-सुक्यात रसायनांचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊ शकतात. काहींना ती जागा समुद्राच्या तळाशी असलेल्या गरम झऱ्यांत वाटते. वाद चालू आहे.

आणि आपण कोकणातल्या बायका असे झरे उशाशी घेऊन झोपतो! तुरळ, राजवाडी, आरवली, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत या झऱ्यांची ओळच लागली आहे. तुरळचं पाणी ६० अंशांच्या आसपास. खाली ज्वालामुखी धगधगतोय असं मात्र नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. अशा पाण्यातही जिवाणू सुखाने नांदतात. त्या मुलीने दाखवलेला तो बुळबुळीत थर अशाच सूक्ष्म जिवांची वस्ती. आजींचं म्हणणं चुकीचं आणि तिची शंका बरोबर!

या उष्णताप्रेमी जिवांचं एवढं महत्त्व का? कारण जीव किती टोकाच्या परिस्थितीत राहू शकतो हे कळलं, की दुसऱ्या ग्रहांवर कुठे शोधायचं ते कळतं. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार बघा. उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, तेही काळ्या बसाल्ट खडकात. चंद्रावर आणि मंगळावर असाच खडक मोठ्या प्रमाणात आहे, म्हणून तिकडचा अभ्यास करणाऱ्यांना लोणार फार मोलाचं. तिथलं पाणी खारट आणि सोड्यासारखं. २०२० च्या जूनमध्ये ते एकदम गुलाबी झालं आणि सगळीकडे चर्चा झाली, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं, की मिठावर जगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे हा रंग आला. ज्या पाण्यात आपल्याला वाटतं काही जगणार नाही, तिथे ते गुलाबी होऊन नांदत होते.

मंगळही कधीकाळी असा ओला होता. तिथे नद्या, तळी होती याच्या खुणा आहेत. अमेरिकेची 'पर्सिव्हिअरन्स' गाडी तिथल्या एका जुन्या, सुकलेल्या तळ्याच्या परिसरात फिरते आहे. तिला २०२४ मध्ये एका खडकावर बिबट्याच्या अंगावरच्यासारखे ठिपके दिसले. पृथ्वीवर असे ठिपके कधी कधी सूक्ष्म जिवांमुळे पडतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञांनी अभ्यास जाहीर केला. म्हणाले काय? ही जिवांची खूण असू शकते, पण जिवांशिवायही असं होण्याची शक्यता तपासायला हवी. पुन्हा तेच, घाई नाही!

आपलं महाराष्ट्रही यात मागे नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बिणींचा मोठा प्रकल्प आहे, 'जीएमआरटी'. २०१६ मध्ये युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदच्या या दुर्बिणींनी टिपला होता. द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांत बसून मंगळाची चाहूल!

पण याचा उपयोग काय?

हे सगळं वाचून झालं आणि मी त्या ताईंच्या घरी गेले. दारात लेकीची चप्पल दिसली, बरं वाटलं. बारावीचा निकाल लागला होता, मार्क चांगले होते. तिला बी.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र घ्यायचं होतं. घरात मात्र दुसरंच चाललं होतं. आजी म्हणत होत्या, "जंतू बघायला कॉलेज कशाला? नळाचं पाणी आमच्याकडे बघ की!" वडील रिक्षा चालवतात. त्यांचा प्रश्न सरळ होता, "वहिनी, यातनं पोटाला काय मिळणार? डी.एड. केलं तर निदान शाळेत तरी लागेल."

त्यांना दोष कसा देऊ? तीन वर्षांची फी, पुस्तकं, सगळं रिक्षाच्या चाकावर. हे प्रश्न विचारायचा हक्क आहे त्यांना.

मी म्हटलं, "भाऊजी, करोनाच्या वेळची ती नाकात काडी घालून केलेली तपासणी आठवते?"

"न आठवून सांगतो कुणाला!"

मग मी सांगितलं. अमेरिकेत यलोस्टोन नावाचं उद्यान आहे, तिथेही आपल्या तुरळसारखे, किंबहुना त्याहून कढत झरे आहेत. १९६६ च्या सुमारास थॉमस ब्रॉक नावाचे शास्त्रज्ञ तिथे एका विद्यार्थ्याला घेऊन त्या पाण्यातले जिवाणू शोधत होते. तेव्हाही लोकांनी विचारलंच असेल, याचा काय उपयोग? त्यांना त्यात 'थर्मस ॲक्वॅटिकस' नावाचा जिवाणू मिळाला. गरम पाण्यात राहणारा, म्हणून त्याच्यातलं एक एन्झाइम तापवलं तरी बिघडत नाही. पुढे १९८० च्या दशकात डीएनएच्या लाखो प्रती काढायची 'पीसीआर' नावाची पद्धत निघाली आणि या एन्झाइममुळे ती सोपी आणि वेगवान झाली. करोनाची आरटीपीसीआर तपासणी त्यातूनच आली. कुणीतरी झऱ्याच्या काठचं शेवाळ बघत बसलं होतं, म्हणून आपल्याला रिपोर्ट मिळाला!

वडील गप्प झाले. मी पुढे साधा हिशेब मांडला. हा विषय घेऊन दवाखान्यांच्या लॅबमध्ये, औषधांच्या कंपन्यांत, अन्न तपासणीत काम मिळतं. आपल्या रत्नागिरीतून मासळी परदेशी जाते, तीही तपासल्याशिवाय जात नाही. आणि संशोधनाकडे जायचं असेल, तर पुण्याला 'आयुका', 'एनसीसीएस', 'आयसर' आहेत. पण ते पुढचं. जीवनाच्या उगमाचा अभ्यास म्हणून काही वेगळा वर्ग नसतो. कुणी रसायनशास्त्रातून येतं, कुणी भूगर्भशास्त्रातून, कुणी खगोलशास्त्रातून, कुणी जंतूंच्या अभ्यासातून. आधी पाया पक्का हवा, आणि तो इथे आपल्या गावातही होतो.

ताई इतका वेळ चुलीशीच होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "आणि लग्नाचं?"

मी मंगलाताई नारळीकरांची गोष्ट सांगितली. त्या गणिताच्या विदुषी. लग्न झालं, केंब्रिजला संसार केला, भारतात परतल्या, तीन मुली वाढवल्या आणि १९८१ मध्ये पीएच.डी. मिळवली. मराठीत लहान मुलांना समजेल असं गणित लिहिलं. २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या तिन्ही मुली विज्ञानातच शिकल्या. संसार आणि शिक्षण हे एकमेकांचे वैरी नव्हेत. घरच्यांची साथ असली तर दोन्ही होतं. सगळ्यांना ती साथ मिळत नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून तर मी त्या ओट्याशी उभी होते.

आणखी एक सांगते. नारळीकरांनी उभ्या केलेल्या 'आयुका'त शाळकरी मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. तिच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य'. पुलंच्या नावाने सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. सुनीताबाई कुठल्या? आपल्या रत्नागिरीच्या माहेरवाशीण! तेव्हा विज्ञान म्हणजे आपलं काम नव्हे, असं निदान रत्नागिरीच्या बाईने तरी म्हणू नये.

त्या दिवशी निघताना मी मुलीला म्हटलं, "तुरळला मी तुला उडवून लावलं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आजही येत नाही. पण आता एवढं कळलंय, की ते अजून कुणालाच पूर्ण येत नाही."

ती म्हणाली, "मग बरंय ना काकू. शिल्लक आहे म्हणजे!"

तिने फॉर्म भरला. आजी अजून कुरकुरतात, पण डबा त्याच भरून देतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती एकदा घरी आली, तेव्हा हातात मोबाइल. तुरळला जाऊन स्वच्छ उकळलेल्या छोट्या बाटलीत ते शेवाळ आणलं होतं आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं. फोटोत हिरवे बारीक मणी ओवल्यासारखे दिसत होते. अगदी आपल्या मंगळसूत्राच्या सरासारखे.

"हे किती जुने असतील गं?"

"हे आत्ताचे, काकू. पण यांच्यासारखे कोट्यवधी वर्षांपूर्वी होते म्हणतात."

मी चहा टाकला. ती ओट्याला टेकून मला प्रत्येक मण्याबद्दल सांगत होती. निम्मं मला कळलं नाही. पण या वेळी मी मध्येच थांबवलं नाही.

मैत्रिणींनो, आपल्या घरातली लेक, नात, भाची कधीतरी असा प्रश्न विचारील. चांदण्यांचा, जंतूंचा, मरणाचा, देवाचा. उत्तर आलंच पाहिजे असं नाही. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनी तीन नव्या जाती हातात असताना 'अजून सिद्ध झालेलं नाही' असं म्हटलं. मग आपल्याला 'मला माहीत नाही' म्हणायला कसली लाज? फक्त त्यापुढे दोन शब्द जोडायचे, 'शोधू या.' विरजणाला चमचाभर पुरतं.